ओझ्याच्या मापाची सायकल

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात माणसाच्या मापाने सायकलची फ्रेम बांधून देण्याचा धंदा कधी रुजला नाही. ग्राहकाच्या पायाची लांबी मोजावी, त्याप्रमाणे नळ्या कापाव्यात, सांधे झाळावेत आणि त्याच्या एकट्यासाठी सायकल उभी करावी, हे युरोपातल्या कारागिरांचे काम होते. तरीही इथल्या सायकली एकीसारखी एक कधीच नव्हत्या. दूधवाल्याची, पाववाल्याची, गॅसच्या टाक्या वाहणाऱ्याची आणि पाळीला जाणाऱ्या कामगाराची सायकल लांबूनही ओळखू येई. कारखान्यातून एकाच साच्यात निघालेल्या फ्रेमला इतकी रूपे दिली ती स्टेशन रोडवरच्या आणि नाक्यानाक्यावरच्या मिस्त्रींनी. कोणाला कोणती सायकल चालेल, हा सल्लाही त्यांच्याकडूनच मिळे. माप घेतले जाई ते ओझ्याचे आणि रस्त्याचे. माणसाने त्यात कसेबसे बसायचे.

ज्या फ्रेमवर हे सगळे घडले तिचा आकार इंग्लंडमधला. जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीत 'रोव्हर' ही सेफ्टी सायकल आणली. तिची पायडले दोन चाकांच्या मध्ये होती आणि साखळी मागच्या चाकाला जोडलेली होती. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर केला. पुढच्या काही वर्षांत फ्रेमचा आकार ठरून गेला तो आजतागायत फारसा बदललेला नाही: पुढे वरची दांडी, खालची दांडी आणि सीटची नळी यांचा त्रिकोण, मागे चाक धरणाऱ्या बारीक नळ्यांचा दुसरा. नळ्यांची टोके 'लग' नावाच्या पोलादी खोबणीत बसवायची आणि पितळ वितळवून सांधा भरायचा, ही जोडणीची रीत. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये घेतले. सांध्यापाशी ताकद हवी, मधल्या भागात वजन नको, असा त्यामागचा साधा हिशेब होता. १९३५ मध्ये त्याच घराण्याची '५३१' ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आली आणि हलक्या सायकली बांधणाऱ्यांच्या हाती खरे साधन पडले.

क्लॉड बटलर, हेचिन्स, डर्बीचे मर्शियन, मिलानच्या विगोरेली वेलोड्रोमला लागून दुकान असलेला फालिएरो मासी, ही अशा बांधणाऱ्यांची नावे. त्यांच्या धंद्याचा अर्धा भाग सल्ल्याचा होता. आलेला माणूस बहुधा स्वतःची उंची सांगे. बांधणारा मात्र पायाची आतली लांबी, धड आणि हात मोजून घेई. शर्यत, लांबचा प्रवास की रोजची ये-जा, हे विचारल्यावर पुढची नळी किती कलती ठेवायची आणि चाकांमधले अंतर किती, हे ठरे. कलती नळी आणि लांब अंतर असले तर सायकल शांतपणे सरळ धावते, खड्डे पोटात घेते, पण चपळ राहत नाही. उभी नळी वळणावर लगेच प्रतिसाद देते आणि खराब रस्त्यावर हात बधिर करते. या दोन टोकांमध्ये गिऱ्हाइकाची जागा शोधणे हेच त्या कारागिराचे कसब. झाळकाम हे त्यामानाने शिकता येण्यासारखे.

भारतात आली ती यातली नव्हे, तर इंग्लंडमधली रोजच्या वापराची जड 'रोडस्टर'. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स, रज ही नावे मुंबई इलाख्यात घरोघरी माहीत झाली. या सायकलींची चाके २८ इंची, टायर दीड इंच रुंद, ब्रेक लोखंडी सळ्यांचे, पुढची नळी सत्तर अंशांच्याही आत कललेली. कच्च्या रस्त्यांसाठी ही रचना उत्तम होती. फ्रेमची मापे मात्र मुख्यतः दोनच, २२ इंच आणि २४ इंच. बायकांसाठी वरची दांडी नसलेली निराळी.

ही मापे कोणाला बेतलेली होती, हे आकड्यांतून दिसते. साध्या आडव्या दांडीच्या सायकलीत फ्रेमची उंची पायाच्या आतल्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांश असावी, असा बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाची ही लांबी पाऊणशे सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे त्याला सुमारे ५० सेंटिमीटरची, २० इंची फ्रेम हवी. बाजारात सर्वांत लहान मिळे ती २२ इंची, म्हणजे ५६ सेंटिमीटरची. अशा सायकलीवर दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहायचे म्हटले तर दांडी आडवी येते. टांग मारून बसण्याची रीत, म्हणजे डावा पाय पायडलवर ठेवून, उजव्याने दोन-चार ढकलण्या देऊन, मग मागून पाय फिरवून स्वार होणे, ही याच बेमापाची देणगी आहे. थांबताना फुटपाथची कड किंवा ओटा शोधणे हेही त्यातलेच. मुलांनी दांडीखालून पाय घालून 'कैची' चालवायची, हा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा पहिला धडा. सायकल माणसाच्या मापाची नसली की माणूस तिच्या मापाची कसरत शोधून काढतो. गंमत अशी की बहुतेकांना ती कसरत म्हणजेच सायकल चालवणे वाटले.

स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी कारखाने उभे राहिले तेव्हाही साचा हाच राहिला. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर निघाला. १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स सुरू झाली आणि तिथे हर्क्युलिस बनू लागली. आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी लुधियानाला सुट्या भागांची पेठ बनवले, आणि पुढे ठाण्याच्या दुकानातले पायडल, फ्रीव्हील, छर्रे तिकडूनच येऊ लागले. फ्रेमसाठी भारतीय मानक ठरले, ते आयएस ६२३. सगळे भाग एकाच मापात आल्यामुळे कोणत्याही कंपनीच्या सायकलला कोणताही भाग बसू लागला. मिस्त्रीच्या धंद्याचा पाया हाच. मुंबईचा कारखाना मात्र डबघाईला आला. १९८० मध्ये संसदेने हिंद सायकल्स आणि सेन-रॅले यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. त्यानेही तो सावरला नाही.

या पट्ट्याला सायकलची गरज रेल्वेमुळे आणि कारखान्यांमुळे लागली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. गाडी माणसाला स्टेशनपर्यंत आणून सोडे. घर, शेत, गिरणी पुढे दोन-चार मैलांवर असे. ठाण्यात १९२५ मध्ये रेमंडची लोकर गिरणी आली. कल्याणच्या आसपास मोहोने येथे एनआरसी, शहाडला सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथला आगपेटीचा आणि दारूगोळ्याचा कारखाना, पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीतल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि तिथे बारीकसारीक वस्तू बनवणाऱ्या कार्यशाळा निघाल्या. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन होऊन ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली, त्याच दशकात डोंबिवलीचीही औद्योगिक वसाहत आली. पाळीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. कल्याण-शिळ रस्त्याने डोंबिवलीकडे जाणाऱ्याला १९१४ मध्ये बांधलेला पत्री पूल ओलांडावा लागे. २०१८ मध्ये तो पाडेपर्यंत त्या अरुंद पुलावर सायकलस्वाराला जीव मुठीत धरूनच जावे लागे.

नवी सायकल घेणे हा एका फेरीत उरकायचा व्यवहार नव्हता. ती दुकानात तयार येत नसे. फ्रेम, चिमटा, रिम, हब, तारा वेगवेगळ्या येत आणि दुकानातच 'फिटिंग' होई. गिऱ्हाइकाला फ्रेमचे माप, कंपनी, टायर, सीट, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, डायनामो हे एकेक करून निवडावे लागे, आणि प्रत्येक निवडीला मिस्त्रीचे मत जोडलेले असे. सीटला स्प्रिंगा किती जाड, कॅरिअर पट्टीचे की सळईचे, स्टँड बाजूचा की मागच्या चाकाला दोन पायांवर उभा करणारा, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. ज्याला पन्नास किलो माल लादून सायकल उभी करायची आहे त्याच्यासाठी ते किरकोळ नव्हते: बाजूच्या स्टँडवर भरलेली सायकल कोलमडते. त्यामुळे मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असे, 'सायकलवर काय नेणार?' इंग्लंडमधल्या कारागिराच्या पहिल्या प्रश्नापासून तो फार दूर नाही.

दूधवाल्याचे उदाहरण घेतले म्हणजे हा हिशेब कळतो. वीस लिटरचे दोन कॅन दोन बाजूंना लावले की नुसत्या दुधाचेच वजन एक्केचाळीस किलोच्या वर जाते. हे ओझे मागच्या चाकाच्या धुरीवर आणि कॅरिअरच्या पायांवर पडते. म्हणून कॅरिअरला खाली धुरीपर्यंत जादा सळ्या, कॅन अडकवायला आकडे, मागच्या चाकाला जाड तारा. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो वायू असतो, लोखंडासह ती तीस किलोच्या घरात जाते. चार टाक्या म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास, चालवणाऱ्यापेक्षा दुप्पट. अशी सायकल चालवण्यापेक्षा ढकलण्यासाठीच जास्त वापरली जाते. तिला हँडल धरून चालताना तोल सांभाळेल असा चिमटा लागतो. चिमट्याच्या प्रत्येक पायाला समांतर दुसरी सळई देऊन तो दुहेरी करण्याची युक्ती यासाठीच. पाववाल्याला वजनाचा नव्हे तर आकारमानाचा प्रश्न. पाव हलके, पण पेटी मोठी. त्यामुळे कॅरिअर रुंद आणि सीटच्या मागे पुरेशी मोकळी जागा. धार लावणाऱ्याने तर सायकल स्टँडवर चढवून पायडलने सहाण फिरवली आणि एका गावातून दुसऱ्या गावात नेता येईल असा कारखाना केला.

गिअर नसलेल्या सायकलीत ओझे आणि चढ यांचा मेळ दात्यांनी घालावा लागतो. पुढे ४४ दाते आणि मागे १८ असले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. मागचे फ्रीव्हील बदलून २२ दात्यांचे केले तर चाक बरोबर दोनदाच फिरते, आणि पायाला लागणारा जोर साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो. मुंब्र्याच्या चढाला किंवा घोडबंदर रस्त्याला माल घेऊन जाणाऱ्याला हा फरक दिवसातून कितीतरी वेळा जाणवतो. पाळीला वेळेवर पोचायचे असेल तर उलट लहान फ्रीव्हील बरे. काही रुपयांच्या एका भागात सायकलचा स्वभाव बदलतो, हे मिस्त्रीला पाठ असे. सूत्र त्याला कोणी शिकवलेले नसे.

फ्रेम तुटणे किंवा वाकणे हा या कलेचा खरा कस. समोरून धडक बसली की पुढच्या नळीच्या मागे वरची आणि खालची दांडी दुमडते. जास्त ओझ्याने चिमट्याची मान तडकते, नाही तर पायडलच्या धुरीजवळचा सांधा सुटतो. वाकलेली फ्रेम सरळ झाली की नाही हे पाहायला दोरी पुरते. मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरी निघाली, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आली, की सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे. सारखे भरले तर फ्रेम सरळ. जगभरचे फ्रेम बांधणारे आजही हीच परीक्षा करतात. सांधा झाळण्यासाठी टाकणखार, पितळेची कांडी आणि गॅसची ज्योत लागते. पितळ नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, पोलाद त्याहून खूपच वरच्या तापमानाला. म्हणून नळी न वितळवता सांधा भरता येतो. ज्योत एका जागी रेंगाळली तर मात्र पोलाद ठिसूळ होते आणि दुरुस्ती झालेल्या जागेच्या शेजारी नवी चीर जाते. नळीत आतून दुसरी नळी सारून, तिच्यावर सांधा घेणारा मिस्त्री जास्त टिकाऊ काम करे. रोडस्टरच्या नळ्या जाड आणि साध्या पोलादाच्या होत्या, म्हणून त्या दोनदा-तीनदा झाळल्या तरी निभावत. शर्यतीच्या सायकलीची पातळ नळी इतका अत्याचार सहन करत नाही.

याच दुकानांचा दुसरा आधार भाड्याच्या सायकलींचा. तासावर सायकल, मुलांसाठी 'अर्धी' सायकल, नाव-पत्ता वहीत लिहून किंवा ओळखीवर. पंक्चर, चाकाचा आउट काढणे, पावसाळा संपल्यावर सगळे भाग सुटे करून ग्रीस भरणे, यांवर रोजची चूल पेटे; सल्ल्याचे वेगळे पैसे नसत. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने नगरपालिकांना वाहनांवर कर बसवता येई, आणि अनेक ठिकाणी सायकललाही वर्षाचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसले तर पोलीस धरत. बिल्ल्यापासून डायनामोपर्यंतची चौकशी गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात करी.

शर्यतीच्या बाजूने या पट्ट्याला एक वेगळे भाग्य होते. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारा रस्ता ठाणे, कळवा, मुंब्रा, पनवेल असा होता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि हा किताब शर्यत जिंकण्याइतकाच मानाचा मानला गेला. ज्याला गिअरची विलायती सायकल परवडत नसे तो रोडस्टरच सोलून काढी: मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड उतरवले, हँडल उलटे केले, सीट वर चढवली. फ्रेमचे कोन बदलता येत नसल्यामुळे चालवणारा पुढे वाकला तरी सायकल मागेच रेलून राही. गावोगावच्या स्पर्धांत 'साधी सायकल' असा स्वतंत्र गट अजून असतो, तो या ओढाताणीतूनच आला.

ऐंशीच्या दशकापासून चित्र बदलले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाल्या, रिक्षा वाढल्या, ठाण्याची परिवहन सेवा सुरू झाली, स्कूटर कर्जाने मिळू लागली. स्टेशनजवळचे सायकल स्टँड दुचाकींनी भरले. गिरण्या आणि कारखाने बंद पडत गेले तशी पाळीची सायकलही गेली. त्याचबरोबर सायकलचा जिन्नसही बदलला. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम तुटली तर नाक्यावर झाळता येत नाही. ६०६१ या मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते आणि ज्योत लागताच सांध्याजवळ ती निघून जाते. गिअर, डिस्क ब्रेक, सीलबंद बेअरिंग यांचे भाग एकमेकांना बसतीलच असे नाही. एका मापाच्या जगात वाढलेल्या मिस्त्रीच्या ज्ञानाला इथे धक्का बसला. त्याची जागा घेणारी चकचकीत दुकाने भाग बदलून देतात. काय तुटले आणि का तुटले, हे सांगणारा माणूस तिथे असतोच असे नाही.

मापाचा प्रश्न मात्र नव्याने पुढे आला. नव्या सायकली लहान, मध्यम, मोठ्या अशा चार-पाच मापांत मिळतात. शिवाय गेल्या दीड दशकात २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' राइड भारतात रुजल्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. ठाणे-डोंबिवलीचे चालवणारे नाशिक महामार्गाने कसाऱ्याकडे किंवा मुरबाडमार्गे माळशेजकडे निघतात. अर्ध्या तासाच्या प्रवासात न कळणारी बेमाप सायकल दहाव्या तासाला गुडघ्यात आणि मानेत कळते. सीटच्या उंचीबद्दल १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी पायडल खाली असताना त्यापासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के असावे असे मांडले. पुढे गुडघ्याचा कोन मोजण्याची पद्धत आली. रोडस्टरच्या काळात सीट 'पाय टेकेल इतकी' ठेवली जाई, आणि ती बहुतेकदा फार खाली असे.

माणसाच्या मापाची फ्रेम बांधणे महाराष्ट्रात आज तुरळक ठिकाणी होते. पुण्यात 'बांबूची' या नावाने बांबूच्या फ्रेम बनल्या आहेत. बांबूची सायकल नवी नाही, १८९४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती मांडली गेली होती. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या क्रेग कॅल्फीने ती पुन्हा चालू केली. बांबू सुकवून, कीड लागू नये म्हणून प्रक्रिया करून, सांध्याला धागा आणि इपॉक्सी गुंडाळून ही फ्रेम तयार होते. तिला महागडा साचा लागत नाही, म्हणून एका माणसासाठी एकच बांधणे परवडते. पोलादाची फ्रेम बांधून घ्यायची तर क्रोमोली नळी बाहेरून मागवावी लागते. टिग वेल्डिंग आणि पावडर कोटिंग मात्र औद्योगिक वसाहतींमधल्या शेडमध्ये होऊ शकते.

अशा बांधणाऱ्याकडे जाणाऱ्याने आपल्या आताच्या सायकलची सीटची उंची, सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर आणि कुठे दुखते याची नोंद घेऊन जावे, असे या धंद्यात सर्वत्र सांगितले जाते. शरीराचे माप तो घेतोच. पण टायर किती रुंद लावणार, मडगार्ड आणि कॅरिअर हवे की नको, पावसाळ्यात चालवणार का, हे फ्रेम बांधण्याआधी ठरावे लागते. चाकाभोवतीची जागा आणि कॅरिअर कसायची भोके नंतर देणे अवघड असते. कोकणपट्टीच्या दमट हवेत पोलादाच्या नळीला आतून तेलाचा थर देऊन घ्यावा लागतो, आणि पायडलच्या धुरीच्या तळाला पाणी निघून जायला एक बारीक भोक ठेवावे लागते.